फुले सरल्यानंतरची बाग

सुगंधी फुलांचा विषय निघाला की आपल्या तोंडी मोगरा, जाई, जुई, चाफा, पारिजातक ही नावे आधी येतात. ही सगळी झाडे, झुडपे आणि वेली. फुलांचा हंगाम नसला तरी त्यांची पाने दिसतात, पाने गळली तरी फांद्या दिसतात. झाड आहे हे माळ्याला ठाऊक असते आणि त्याला पाणी घालायचे लक्षात राहते. या पुस्तकातील फुलांचे तसे नाही. निशिगंध, भुईचाफा, सोनटक्का आणि पूर्व आफ्रिकेतून जगभर गेलेला सुगंधी ग्लॅडिओलस, ही चारही फुले कंदांतून येतात. चैत्रात भुईचाफ्यापासून सुरू झालेला त्यांचा सुगंध आश्विनात सोनटक्क्यापर्यंत पुरतो. उरलेल्या महिन्यांत मात्र त्यांचे जगणे बरेचसे मातीखाली चाललेले असते. कुणाची पाने पूर्ण नाहीशी होतात, कुणाची पिवळी पडून निस्तेज होतात. याच काळात ही रोपे सर्वांत जास्त मरतात. फुले असताना त्यांची हेळसांड होत नाही. होते ती फुले सरल्यानंतर.

या पुस्तकाला सांगायचे आहे ते एवढेच : कंदाचे फूल आदल्या वर्षीच्या पानांनी घडवलेले असते. या वर्षी फूल आले नाही, तर चूक या वर्षी शोधू नये. गेल्या पावसाळ्यात पानांना ऊन मिळाले का, फुले काढताना पानेही छाटली का, थंडीत कंद ओल्या मातीत पडून राहिला का, हे आधी तपासावे. लागवडीची खोली, खतांची मात्रा, किडींवरचे उपाय हे सारे पुस्तकात आहेच. पण ते सगळे या एका समजुतीच्या आधाराने वाचले तरच उपयोगी पडेल.

कंद हा शब्द आपण सैलपणे वापरतो आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. बागेत मात्र कंदांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत आणि त्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. कांदा उभा चिरला की पापुद्र्यावर पापुद्रे दिसतात. ते म्हणजे अन्न साठवून जाड झालेली पानांची बुडे. खरे खोड तळाशी असलेली छोटी चकती. आले किंवा हळद म्हणजे जमिनीत आडवे पसरणारे खोड. त्याला वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात. त्यावर पेरे असतात आणि पेऱ्यांवर डोळे. सुरण किंवा अळकुडी कापली तर ना पापुद्रा दिसतो ना पोकळी, आतून सगळे भरीव. उभे खोडच आखूड होऊन फुगलेले असते. हा घनकंद. केशराचा कंद याच प्रकारचा आणि ग्लॅडिओलसचाही. निशिगंधाचा कंद पापुद्र्यांचा, म्हणजे कांद्याच्या बाजूचा. सोनटक्का आणि भुईचाफा ही दोन्ही आल्याच्या कुळातली, म्हणून त्यांची मूलक्षोडे. भुईचाफ्याची काही मुळेही अन्न साठवून लहान गाठींसारखी फुगलेली असतात.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. प्रत्येक प्रकाराचे वय वाढण्याची रीत वेगळी असते आणि त्यावरच माळ्याचे काम ठरते. घनकंदाचे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे. ग्लॅडिओलसचा कंद लावला की त्यातून कोंब वर येतो आणि त्या कोंबाच्या बुडाशी, जुन्या कंदाच्या डोक्यावरच, नवा कंद धरू लागतो. जुना आपले अन्न कोंबाला देत देत सुकत जातो. हंगाम संपल्यावर रोप उपटले तर खाली एक वाळकी चपटी चकती दिसते आणि तिच्यावर ताजा, टणक कंद बसलेला असतो. म्हणजे आपण वर्षानुवर्षे ‘तोच’ कंद जपत नाही. दर वर्षी नवा कंद घडवून घेत असतो. नवा कंद दर वर्षी जुन्याच्या वर बसत गेला तर काही वर्षांत तो जमिनीबाहेर यायला हवा. तसे होऊ नये म्हणून ग्लॅडिओलसला काही जाड, सुरकुत्या पडणारी मुळे फुटतात. ती आकसतात आणि कंदाला खाली ओढून घेतात. त्याच वेळी नव्या कंदाच्या बुडाशी वाटाण्याएवढी किंवा त्याहून बारीक पिल्ले लागतात. ती जपली तर दोन-तीन वर्षांत फुलावर येतात.

नवा कंद घडतो तो पानांनी तयार केलेल्या अन्नातून. फूल उमलते तेव्हा हे काम जेमतेम सुरू झालेले असते. म्हणून फुलदाणीसाठी दांडा कापताना रोपावर निदान चार पाने ठेवावीत असे जाणकार सांगतात. फुले सरल्यावर ताटवा विस्कटलेला दिसतो, पाने आडवी होतात, टोके पिवळी पडू लागतात. आवराआवर करायला हात शिवशिवतात. तो हात थांबवणे हे या बागकामातले पहिले कौशल्य आहे. पान स्वतःहून वाळेपर्यंत ते कंदाचे आहे, माळ्याचे नाही.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. कंदफुलांवरची बहुतेक प्रसिद्ध पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. कंदांच्या पाकिटांवरच्या सूचनाही तिकडच्याच असतात : हिमतुषार संपल्यावर लावा, पहिला हिमतुषार पडण्याआधी काढा, घरात उबेला ठेवा. त्या त्यांच्या जागी अगदी बरोबर आहेत. तिथे ओल्या कंदाला गोठवणारी थंडी मारते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हिवाळा कंदाला मारत नाही. इथला वैरी म्हणजे साचलेले पाणी. श्रावणातल्या चिकट काळ्या मातीत निचरा नसेल तर कंद आठवड्याभरात मऊ पडतो. आणि विश्रांतीच्या काळात, म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, शेजारच्या गुलाबाला घातलेले पाणी मुरत त्याच्यापर्यंत पोचले, तरी तो आतून कुजतो. तिकडे थंडी कंदाला झोपवते, इकडे कोरड झोपवते. ही एक गोष्ट उमगली की परदेशी सूचना आपल्या महिन्यांत बसवता येतात.

सुगंधी ग्लॅडिओलसचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. ग्लॅडिओलस म्युरिएली हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. जुन्या यादीपत्रांत तो ॲसिडँथेरा या नावाने आढळतो आणि अनेक विक्रेते अजूनही तेच नाव वापरतात. इथिओपियापासून दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंतच्या पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेश हे त्याचे घर. तलवारीसारखी उभी पाने, कमरेएवढा किंवा थोडा उंच दांडा, त्यावर बाकदार लांब नळ्यांना लगडलेली पांढरी फुले आणि प्रत्येक फुलाच्या घशाशी गडद जांभळा-किरमिजी ठिपका. युरोपात तो उन्हाळ्याच्या अखेरीस फुलणारा नाजूक पाहुणा मानला जातो. पण इथिओपियाच्या डोंगराळ भागात मोठा पाऊस पडतो तो साधारण जून ते सप्टेंबर. पावसाबरोबर वाढायचे, पाऊस ओसरताना फुलायचे आणि कोरड्या महिन्यांत जमिनीखाली निजायचे, हा त्याचा जन्मजात शिरस्ता आहे. वाचताना लक्षात येते की हे वेळापत्रक आपल्या पावसाळ्याशी जुळते. अडचण वेळेची नाही, उष्णतेची आहे. उंच प्रदेशातल्या या रोपाला नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्याचे ऊन सोसणार नाही. पाचगणी-महाबळेश्वरची हवा त्याला सर्वांत जवळची. पुणे-नाशिककडे पावसाच्या तोंडावर लावून सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा दिली, तर तो करून पाहण्यासारखा आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. बाजारात दिसणारा रंगीबेरंगी ग्लॅडिओलस इतका देखणा, मग त्याला वास का नाही? उत्तर त्याच्या पूर्वजांत आहे. आजच्या मोठ्या फुलांच्या संकरांची सुरुवात ज्या रोपांपासून झाली, त्यांत १८४१ साली बेल्जियममधील गेंट येथून बाजारात आलेला एक संकर महत्त्वाचा मानतात. त्याच्या पूर्वजांतला ग्लॅडिओलस डॅलेनी हा आफ्रिकेत शेंदरी-लाल-पिवळ्या फुलांनी बहरतो आणि त्याचे परागण फुलचुखे पक्षी करतात. पक्ष्याला रंग दिसतो. वासाची त्याला फारशी गरज नसते. म्हणून त्या फुलाने कधी सुगंध घडवलाच नाही. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत माणसाने त्यातून रंग, आकार आणि दांड्याची उंची वाढवली. जे मुळात नव्हते ते आपोआप येणार नव्हते. म्युरिएलीचा मार्ग वेगळा आहे. त्याची नळी लांब, रंग पांढरा आणि सुगंध सांजवेळी वाढणारा. हे सारे लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी आहे. अंधारात पांढरा रंग दिसतो आणि वास दुरून वाट दाखवतो.

या पुस्तकातील चारपैकी तीन फुले याच वाटेची आहेत. पांढरी आणि रात्री घमघमणारी. म्हणून त्यांची जागा निवडताना सूर्याच्या बरोबरीने माणसाच्या दिनक्रमाचाही विचार करावा. दिवसभर घर बंद ठेवून संध्याकाळी परतणाऱ्या कुटुंबासाठी मोगऱ्याइतकीच ही फुले योग्य आहेत. ओटा, जिन्याची कड, झोपायच्या खोलीची खिडकी, बाल्कनीचा कठडा, अशा जिथे माणूस सांजेनंतर बसतो-वावरतो त्या जागा. बागेच्या टोकाला लावलेला निशिगंध दिवसा शोभेल, पण त्याचे खरे देणे तिथे कुणाला मिळत नाही.

निशिगंधाला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण मराठी घरांत तो सर्वांत जास्त आहे. गुलछडी या नावाने तो हारात, वेणीत, मंडपात, फुलदाणीत सगळीकडे असतो. पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर, नाशिक या भागांतल्या शेतकऱ्यांनी त्याला नगदी पीक केले. सुटी फुले वजनावर आणि दांडे जुडीने दादरच्या आणि पुण्याच्या फुलबाजारात येतात. इतके सवयीचे हे फूल मूळचे मेक्सिकोचे आहे आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी युरोपीय माणूस येण्याच्या आधीपासून ते जोपासले होते. आज ते रानात आपोआप उगवलेले कुठे आढळत नाही. जे आहे ते सगळे माणसाच्या हातून हातात आलेले. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्या प्रजातीत, म्हणजे अगावेत, घेतले आहे. शेताच्या बांधावरचा काटेरी घायपात आणि वेणीतला निशिगंध एका घराण्यातले आहेत हे ऐकून नवल वाटते, पण दोघांचा स्वभाव पाहिला की पटते. घायपात वर्षानुवर्षे अन्न साठवतो, एकदाच प्रचंड दांडा काढतो आणि मरतो. निशिगंधाचा प्रत्येक कंदही एकदाच फुलतो. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही; त्याच्या भोवती लागलेली पिल्ले पुढच्या वर्षी त्याची जागा घेतात.

‘निशिगंध पहिल्या वर्षी छान आला, मग नुसती पाने’ ही तक्रार याच स्वभावातून येते. पिल्लांची दाटी होते. प्रत्येकाच्या वाट्याला माती आणि ऊन कमी येते आणि एकही फुलण्याएवढे जाड होत नाही. शेतकरी एकदा लावलेले पीक खोडव्यासह साधारण तीन वर्षे ठेवतो. कुंडीत मात्र जागा अपुरी, म्हणून तिथे दर वर्षी किंवा वर्षाआड कंद काढून वेगळे करावेत. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करत न्यावे, पाने वाळली की कंद काढावेत, सावलीत हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवावेत आणि एप्रिल-मे महिन्यांत लावावेत. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा, टणक, वजनाला भरीव वाटणारा कंद निवडावा आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल लावावा. त्यानंतर साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडा येतो. बारीक पिल्ले फेकू नयेत. ती वेगळ्या कुंडीत एक वर्ष नुसती पानांवर वाढू द्यावीत.

वाणांची निवड वासावर करायची की रूपावर, हे आधी ठरवावे. एकेरी पाकळीचा निशिगंध वासाला सरस मानला जातो आणि अत्तर-उद्योग तोच घेतो. दुहेरी पाकळीचा दांडा फुलदाणीत भरदार दिसतो. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने शृंगार, सुवासिनी, प्रज्वल आणि वैभव हे वाण दिले. यातले शृंगार आणि प्रज्वल एकेरी, सुवासिनी भरगच्च पाकळ्यांचा. प्रज्वलच्या कळीवर हलकी गुलाबी झाक असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले रजनी हा वाण दिला. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गॅमा किरणांच्या प्रयोगांतून रजतरेखा आणि स्वर्णरेखा हे पट्टेरी पानांचे वाण मिळाले. घरच्या बागेसाठी एकेरी वाणाने सुरुवात करावी. त्याची फुले पूर्ण उमलतात आणि खालून वर अशी रोज थोडी थोडी उमलत बरेच दिवस सुगंध देतात.

निशिगंधाचा आणखी एक गुण माळ्याने जाणावा असा आहे. तोडल्यानंतरही हे फूल सुगंध तयार करत राहते. फ्रान्समधील ग्रास गावच्या अत्तरकारांनी याचाच उपयोग केला. काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुले मांडायची, त्यांनी दिलेला वास चरबीत उतरू द्यायचा, फुले बदलत राहायची आणि मग त्या चरबीतून अर्क काढायचा. ही रीत मोगऱ्याच्या कुळातील जाई-चमेलीसाठी आणि निशिगंधासाठी खास राखलेली होती. उकळत्या पाण्याच्या उष्णतेत जे नष्ट झाले असते ते असे हळूहळू वेचले जाई. घरी याचा अर्थ सोपा आहे. एक दांडा कापून घरात ठेवला तर बाग गमावली असे होत नाही. पाने शाबूत ठेवली म्हणजे झाले.

भुईचाफा निशिगंधाइतका परिचित राहिलेला नाही आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. केम्फेरिया रोटुंडा हे त्याचे शास्त्रीय नाव. कोकणातल्या आणि घाटावरच्या जुन्या परसबागांत तो आजही सापडतो. ऐन उन्हाळ्यात, जमीन तापलेली असताना, पानाचा पत्ता नसलेल्या मातीतून थेट फुले वर येतात : पांढऱ्या पाकळ्या, जांभळट ओठ आणि मोहक सुगंध. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण एकाच गाठीतून ती एकामागून एक येत राहतात. पाने येतात ती नंतर, पावसाच्या सुमारास. वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, खालून जांभळी. ही पाने पावसाळाभर अन्न साठवतात आणि हिवाळ्याआधी वाळून जातात. पुढच्या चैत्रातली फुले याच साठ्यावर येतात. या पुस्तकाचे म्हणणे एका रोपात पाहायचे असेल तर ते भुईचाफ्यात पाहावे. त्याचे फूल उमलते तेव्हा ते घडवणारी पाने कधीच मातीत मिसळलेली असतात.

भुईचाफा नाहीसा होतो तो बहुधा रोगाने नव्हे. पाने वाळली की कुंडी रिकामी दिसते. नवे कुणी येते, माती उलथते, दुसरे रोप लावते. म्हणून पाने असतानाच कुंडीवर नाव लिहावे किंवा वाफ्यात काठी रोवून खूण करावी. हिवाळ्यात त्याला पाणी देऊ नये. दुपारच्या उन्हापासून आडोसा, भुसभुशीत पानमाती आणि पावसाळ्यात उत्तम निचरा एवढे मिळाले की तो वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो.

सोनटक्क्याचे सगळेच उलटे. हेडिकियम कोरोनॅरियम हा हिमालयाच्या पूर्वेकडील भागापासून पुढे पसरलेल्या ओलसर प्रदेशांतला. त्याला पाणी आवडते. कोकणातल्या घरांत न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि सोनटक्का शेजारी वाढतात, ती जागा त्याला मनापासून मानवते. पाऊस स्थिरावला की पुरुषभर उंच दांड्यांच्या टोकाला पांढरी, फुलपाखरासारखी फुले येऊ लागतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत वेणीत ती असतातच. प्रत्येक फूल अल्पायुषी, पण एका तुऱ्यातून कित्येक दिवस नवी फुले निघत राहतात. एक दांडा एकदाच फुलतो. तुरा पूर्ण सरला आणि पाने पिवळी पडली की तो बुडातून काढावा, म्हणजे बाजूच्या कोंबांना वाव मिळतो. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात मूलक्षोडे खणून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राखून पुन्हा लावावीत. क्यूबाने हे फूल राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले आहे. मात्र हवाई आणि ब्राझीलसारख्या ओल्या प्रदेशांत हेच रोप ओढ्याकाठी मोकाट पसरून तिथल्या वनस्पतींना जागा उरू देत नाही. म्हणून खणलेले जादा तुकडे ओढ्यात किंवा नाल्याकाठी टाकू नयेत. शेजाऱ्याला द्यावेत किंवा उन्हात पुरते वाळवावेत.

चौघांच्या गरजा अशा वेगळ्या असल्या तरी माती, पाणी आणि साठवण यांचे काही नियम समान आहेत. भारी काळ्या जमिनीत गादीवाफा करावा. वाळू, चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळावे. ताजे शेण कधीही घालू नये, त्यातून हुमणी येते आणि ती कंदच खाते. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत का, हे पावसाळ्याआधी पाहावे. निशिगंधाला सूत्रकृमींचा त्रास होतो. त्याच मातीत पुन्हा पुन्हा लागवड टाळणे आणि मध्ये झेंडूचे पीक घेणे हा शेतकऱ्यांचा अनुभवसिद्ध मार्ग घरीही चालतो. ग्लॅडिओलसवर फुलकिडे येतात. पानांवर रुपेरी चरे दिसले की समजावे. काढलेले घनकंद सावलीत दोन-तीन आठवडे सुकवावेत, खालची जुनी चकती हलक्या हाताने सोडवावी आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी टांगावेत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेला कंद स्वतःच्याच ओलीने कुजतो. महिन्यातून एकदा पिशवी उघडून मऊ पडलेला, बुरशी धरलेला कंद बाजूला काढावा; एक सडका कंद शेजारच्यांना घेऊन जातो. विकत घेताना फार रुंद आणि चपट्या घनकंदापेक्षा आकाराने थोडा लहान पण उंच, जाड कंद पसंत करावा. तो तरुण असतो.

काही ओळखीची कंदफुले या पुस्तकात नाहीत. मे महिन्यात लाल चेंडूसारखा फुलणारा मे फ्लॉवर मुद्दाम घेतलेला नाही, कारण त्याला सुगंध नाही. पहिल्या पावसात उमलणारी पावसाळी लिली रूपासाठी लावावी, वासासाठी नव्हे. सोसायट्यांच्या बागांत सर्रास दिसणारी पांढरी स्पायडर लिली मात्र संध्याकाळी सुगंध देते. तिची उस्तवार फारशी करावी लागत नाही म्हणून तिला स्वतंत्र प्रकरण दिले नाही, एवढेच.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणच्या सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर कितीतरी कंदवर्गीय फुले उमलतात. त्यातली काही, उदाहरणार्थ कोकणातली दीपकाडी, जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. त्यांचे कंद उपटून घरी आणू नयेत. सड्याच्या कातळावरची वीतभर माती, तिथला पाऊस आणि तिथली कोरड यांची बरोबरी कुंडीला करता येत नाही. आणलेला कंद बहुधा एक-दोन वर्षांत मरतो आणि सड्यावर त्याची जागा रिकामी राहते. या पुस्तकातील चारही फुले माणसाच्या हाती पूर्वीपासून रुळलेली आहेत आणि भरपूर वाढतात. बागेची हौस त्यांच्यावर भागवावी.

त्या भरपूर वाढण्यातच एक जबाबदारी आहे. बीपासून उगवणारे रोप वाऱ्यावर, पाण्यावर, पक्ष्यांबरोबर जाते. घरच्या बागेतली ही फुले बहुतेक फुटव्यांनी, पिल्लांनी आणि तुकड्यांनीच पुढे जातात. म्हणजे कुणीतरी दिल्याशिवाय ती हलत नाहीत. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा मोगरा नव्या बाल्कनीत आला, कारण तो रोपवाटिकेत मिळत होता. भुईचाफा आला नाही, कारण ज्यांच्याकडे तो होता त्यांनी तो वाटलेला नव्हता. ज्याच्याकडे आज एक गाठ आहे त्याने पुढच्या वर्षी दोन घरांत ती पोचवली, तर हे फूल टिकेल. त्याला दुसरा मार्ग नाही.

पुस्तकाची मांडणी महिन्यांनुसार आहे. चैत्र-वैशाखात लागवड आणि भुईचाफ्याची फुले, ज्येष्ठ-आषाढात निचरा आणि आधाराच्या काठ्या, श्रावण ते आश्विन फुलांचा मुख्य काळ, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत विश्रांती, खणणे, निवडणे, साठवणे. पाच-सहा कुंड्यांची बाल्कनी असणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या सूचना दिल्या आहेत. चारही फुले एकदम लावण्याचा मोह आवरावा. ज्यांच्याकडे दिवसभर ऊन आहे त्यांनी निशिगंधापासून, ज्यांच्याकडे सावली आहे त्यांनी भुईचाफ्यापासून आणि ज्यांच्याकडे ओल टिकते त्यांनी सोनटक्क्यापासून सुरुवात करावी. एका कंदाचे पूर्ण वर्ष नीट पाहिले की दुसऱ्याचे समजायला वेळ लागत नाही.

सहसा माणसे असे पुस्तक लागवडीच्या प्रकरणापासून उघडतात आणि फुले आली की मिटतात. या पुस्तकाच्या वाचकाला माझी विनंती उलटी आहे. कार्तिक ते फाल्गुन हे प्रकरण आधी वाचावे, कंद विकत आणण्याच्याही आधी. त्या चार-पाच महिन्यांत कुंडी कुठे ठेवणार, तिला पाणी न देण्याचे कसे लक्षात ठेवणार, काढलेले कंद घरात कुठे टांगणार, याची उत्तरे तुमच्याजवळ असतील, तर उरलेले पुस्तक सोपे आहे.